उतारा कोणी वाचावयाचा? : सीमाभागातील जमीन-दप्तर आणि संगणक

वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात जमीनमहसुलाच्या दप्तराविषयीचा लेख पाहून काही सभासदांस नवल वाटेल. परंतु आपल्या बेळगाव-निपाणी भागातील शेतकरी कुटुंबांत पुस्तके असोत वा नसोत, एक लिखित कागद जपून ठेवलेला असतोच. देवघरातील फडताळात, पत्र्याच्या पेटीत किंवा जुन्या पंचांगाच्या पानांत घडी घालून ठेवलेला हा कागद म्हणजे जमिनीचा उतारा. त्याची लिपी, त्याची भाषा आणि तो देणारा हात या तिन्ही गोष्टी गेल्या शंभर वर्षांत बदलल्या. शेवटचा बदल संगणकाने घडविला आणि त्याचे गुणगान देशोदेशी झाले. ते कितपत यथार्थ होते, याचा विचार येथे सीमाभागाच्या बाजूने करावयाचा आहे.

बेळगावचा जिल्हा १८३६ साली धारवाडपासून अलग झाला. त्याच सुमारास इंदापूर तालुक्यापासून आरंभ झालेली विंगेट-गोल्डस्मिड यांची मोजणी पुढे दक्षिण महाराष्ट्रात येऊन पोहोचली. शेताला क्रमांक मिळाला, आकार ठरला, आणि जमीन कोणाची हे सांगण्याचा अधिकार गावकऱ्यांच्या आठवणीकडून कागदाकडे गेला. तो कागद कुलकर्ण्याच्या हाती असे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतील बऱ्याच गावांचे दप्तर मराठीत आणि तेही मोडी लिपीत लिहिले जाई. १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली व ती पुढे महसूल संहितेत सामावली गेली. फेरफाराची नोंद, सात-बाराचा उतारा, पीकपाहणी हे शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुजले. १९५१ मध्ये कुलकर्णी वतने खालसा झाली व दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. माणूस बदलला तरी एक गोष्ट कायम राहिली. खातेदाराला स्वतः वाचता येत नसेल, तर शेजारचा शाळेत जाणारा मुलगा त्याला उतारा वाचून दाखवू शकत असे. मोडी असेल तर गावात एखादा जुना माणूस असे. कागदावर अविश्वास असला तरी तो पडताळून पाहण्याची सोय गावातच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड मुंबई राज्यात राहिला व पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. एकाच जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून निघालेली ही दोन दप्तरे तेथून निरनिराळ्या वाटांनी गेली. चंदगडचा सात-बारा मराठीतच राहिला. इकडे १९६३ चा राजभाषा कायदा आणि १९६४ चा जमीनमहसूल कायदा आल्यानंतर नोंदी हळूहळू कन्नडमध्ये होऊ लागल्या. सीमाप्रश्नाच्या इतिहासात महाजन आयोग, मोर्चे, सत्याग्रह आणि २००४ सालचा सर्वोच्च न्यायालयातील दावा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. उताऱ्याची भाषा बदलली, ही घटना मात्र कोणत्याही एका दिवशी घडली नाही. ती तलाठ्यागणिक, वहीगणिक घडली आणि म्हणूनच तिची तारीख कोणाला सांगता येत नाही. कित्येक वर्षे एकाच वहीत आधीची पाने मराठीत आणि पुढची कन्नडमध्ये अशी स्थिती होती. तलाठी दुभाषी असे. तो तोंडाने मराठीत सांगे आणि हाताने कन्नडमध्ये लिही. या तोंडी व्यवहारावर सीमाभागाने चार दशके निभावून नेली, हे संगणकाचा हिशेब मांडताना विसरता कामा नये.

जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये निघाली. प्रयोगासाठी देशातील आठ जिल्हे निवडले गेले, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. यंत्रे आली, माहिती भरण्याचे काम सुरू झाले, आणि बहुतेक ठिकाणी ते भरण्यापाशीच थबकले. याचे कारण साधे होते. संगणकात माहिती भरून होईपर्यंत गावच्या वहीत नवे फेरफार झालेले असत, आणि कायद्याने मान्यता वहीलाच होती. यंत्रातील नोंद जन्मतःच शिळी ठरे.

कर्नाटकाने 'भूमी' या नावाने जी पद्धत आणली तिचे खरे वैशिष्ट्य या ठिकाणी आहे. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ती उभी राहिली. राज्यातील १७७ तालुके, सुमारे ६७ लाख खातेदार, जवळजवळ दोन कोटी नोंदी आणि नऊ हजारांच्या आसपास तलाठी, असा तिचा पसारा होता. एखाद्या तालुक्यात संगणक सुरू झाला की त्या तालुक्यातील हस्तलिखित उतारा अवैध ठरविण्यात आला. वहीचा आधार काढून घेतल्यामुळे यंत्राकडे येण्यावाचून कोणासही गत्यंतर उरले नाही. तालुक्याच्या कचेरीत खिडकी उघडली. पंधरा रुपये भरले की छापील उतारा मिळू लागला. खिडकीबाहेरच्या माणसास दिसावा म्हणून दुसरा पडदाही लावण्यात आला. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमाने निकालात काढावे लागत. मधलाच एखादा अर्ज उचलून पुढे नेण्याची सोय यंत्राने ठेवली नाही. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यास बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे 'ही नोंद मी केलीच नाही' असे म्हणण्यास वाव राहिला नाही. तलाठ्याच्या पिशवीत चालणारा कारभार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या एकेका गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

या पद्धतीची परीक्षा लवकरच झाली. बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने २००२ मध्ये 'भूमी'च्या खिडकीवरील लोकांना प्रश्न विचारून एक प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या पद्धतीत लाच द्यावी लागली असे सांगणारे शंभरात ६६ होते, खिडकीवर ते प्रमाण ३ वर आले. बिनचूक उतारा पहिल्याच खेपेस मिळाला असे सांगणारे जुन्या पद्धतीत ६३ टक्के, तर नव्या पद्धतीत ७४ टक्के आढळले. पहिल्या आकड्याचा डांगोरा जगभर पिटला गेला. जागतिक बँकेच्या चर्चांत 'भूमी' हा आदर्श म्हणून मांडला जाऊ लागला. दुसऱ्या आकड्याकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहिले नाही. चारांपैकी एका माणसाच्या हातात चुकीचा उतारा पडत होता, आणि यंत्राने छापलेला असल्यामुळे तो पूर्वीपेक्षा अधिक अधिकृत दिसत होता.

पाच वर्षांनी, २००७ मध्ये, सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका उलटा निष्कर्ष मांडला. त्यांचा अभ्यास मुख्यतः बंगळूर शहरालगतच्या जमिनींचा होता. गावपातळीवरचा अधिकार तालुक्याच्या खिडकीत एकवटल्यामुळे भ्रष्टाचार संपला नाही, उलट लाचेचे आकडे फुगले, आणि विस्तीर्ण जमीन एकगठ्ठा हस्तगत करू पाहणाऱ्या बड्या मंडळींना सारी माहिती एके ठिकाणी सुलभ झाली, असे त्यांचे म्हणणे. एकाच पद्धतीविषयी दोन जाणत्या गटांनी इतकी परस्परविरुद्ध साक्ष द्यावी, याचे आश्चर्य वाटते. परंतु एका गटाने उतारा मागणाऱ्यास विचारले होते आणि दुसऱ्याने जमीन गमावणाऱ्यास. उतारा मिळणे ही एक क्रिया, नोंद बदलणे ही दुसरी. पहिली यंत्राने खरोखर सोपी केली. दुसरीत मोजणीदार, महसूल निरीक्षक, वारस, दलाल हे सारे पूर्ववत् उभे होते.

मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी विकसनशील देशांतील सरकारी संगणक-प्रकल्पांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या २००३ च्या अंदाजानुसार अशा प्रकल्पांपैकी ३५ टक्के पूर्ण फसतात, ५० टक्के अंशतः फसतात आणि उरलेले १५ टक्केच यशस्वी म्हणता येतात. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, हे ध्यानी ठेवावे. त्यांनी दिलेले कारण मात्र विचार करण्याजोगे आहे. पद्धत आखणारा माणूस एका जागी बसून वापरणाऱ्याविषयी काही गोष्टी गृहीत धरतो. प्रत्यक्षातील वापरणारा त्याहून निराळा असतो. आणि या दोहोंत जितके अंतर, तितकी अपयशाची शक्यता अधिक.

आता हे अंतर निपाणीच्या बाजारात उभे राहून पाहू. 'भूमी' आखणाऱ्यांनी कर्नाटकातील शेतकरी म्हणजे कन्नड वाचणारा शेतकरी असे गृहीत धरले. राज्याच्या पातळीवर ते स्वाभाविक होते, त्यात हेतूचा दोष शोधण्याचे कारण नाही. परंतु मराठी शाळेत शिकलेला निपाणी, खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील खातेदार कन्नड बोलू शकतो, बाजारात, बसमध्ये, सोयरिकीत ती भाषा सहज वापरतो; वाचू मात्र शकत नाही. बोलणे कानाने येते, वाचणे शाळेने येते. लोकांना दाखविण्यासाठी बसविलेल्या त्या दुसऱ्या पडद्याकडे तो पाहत राहतो व शेवटी शेजारी उभ्या असलेल्या माणसास विचारतो, 'माझंच नाव आहे नव्हं?' पडद्याची पारदर्शकता त्या क्षणी संपते. पूर्वी तलाठी तोंडाने सांगे. त्यात लबाडीला वाव होता, पण प्रश्न विचारण्यालाही वाव होता. खिडकीपुढे रांग असते.

नावाची गोष्ट याहून नाजूक आहे. मराठी नाव कन्नड लिपीत लिहिले गेले, ते पाहून पुन्हा इंग्रजीत उतरले, आणि शाळेच्या दाखल्यावर वा बँकेच्या पुस्तकावर तेच नाव तिसऱ्याच रूपात असले, म्हणजे एका माणसाची तीन माणसे होतात. वह्यांतून यंत्रात माहिती भरली गेली तेव्हा वहीतील मृत खातेदार, अर्धवट वाटण्या आणि चुकलेली आडनावे ही सारी जशीच्या तशी आत गेली. ती दुरुस्त करण्यासाठी आधी ती दिसावी लागतात. ज्याला आपले नाव वाचता येत नाही, त्याला त्यातील चूक कशी दिसावी? प्रगतिपुस्तकातील 'बिनचूक उतारा' हे उत्तर कोणी दिले आणि कशावरून दिले, हा प्रश्न सीमाभागापुरता तरी विचारावयास हवा होता. लाच, वेळ, फेऱ्या, कर्मचाऱ्यांची वागणूक हे सारे मोजले गेले. कागद वाचता आला का, हे मोजण्याच्या यादीत ठळकपणे कधी आले नाही.

यावर यंत्राची मर्यादा पुढे करता येत नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'जिस्ट' तंत्राच्या द्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या होत्या. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी जी समान संकेतपद्धती मानक म्हणून स्वीकारली गेली, तिच्यात देवनागरीतील 'क' आणि कन्नडमधील 'क' यांना एकच संकेत दिलेला होता. एका लिपीत भरलेला मजकूर दुसऱ्या लिपीत दाखविणे हे तीत जवळजवळ कळ दाबण्याइतके सोपे होते. उताऱ्यावरील खातेदाराचे नाव, गट, क्षेत्र आणि पिकाचे नाव कन्नडच्या खाली देवनागरीत छापता आले असते. कोणत्याही अनुवादाची गरज नव्हती. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे तत्त्व देशात मान्य झालेले आहे. जमिनीचा उतारा ही काही सूचना नव्हे व नियमही नव्हे, त्यामुळे तो या तत्त्वाच्या जाळीतून अलगद निसटतो. माझ्या मते एखाद्या जाहीर सूचनेपेक्षा माणसाच्या आयुष्यात त्याचे महत्त्व कितीतरी अधिक आहे.

येथे कोणी म्हणेल की उतारा मराठीत असता तर सारे सुरळीत झाले असते. इतिहास तसे म्हणू देत नाही. निपाणीहून कोल्हापूर ओलांडून पलीकडे गेले की तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर उभारलेले वारणानगर लागते. तेथे १९९८ मध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्याने सत्तर गावांसाठी संगणक-प्रकल्प सुरू झाला व गावोगावी पन्नासांहून अधिक केंद्रे उघडली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, रोजगार, जमिनीच्या नोंदी हे सारे गावातच आणि मायबोलीत मिळावयाचे होते. भाषेचा प्रश्न नव्हता, संस्था लोकांच्या विश्वासातील होती, पैसाही होता. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः एकाच कामास आली, ते म्हणजे ऊस. लागणीची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची उचल आणि बिलाचा हिशेब यापलीकडे संगणक क्वचितच गेला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणक बाजूस सारून तेच काम साध्या मोबाइल दूरध्वनीच्या लघुसंदेशांवर चालवून पाहिले. सर्व कामे तशीच झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तीच पद्धत अधिक पसंत पडली.

वारणेचा प्रकल्प फसला म्हणावे काय? दिल्लीतील आराखड्याच्या दृष्टीने फसला. ऊस घालणाऱ्याच्या दृष्टीने नाही. टनाचा आकडा त्याला गावात कळू लागला आणि त्या आकड्यावर त्याचे वर्ष अवलंबून असते. ज्या माहितीत चूक झाली तर माणूस स्वतः उठून तक्रार करील, ती माहिती यंत्रात टिकते. इतर माहिती धूळ खाते. निपाणीच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्यास हे समजावून द्यावे लागणार नाही. वजनकाट्यापाशी तो डोळ्यांत तेल घालून उभा असतो.

वारणेच्या या अनुभवाशी जुळणारी एक गोष्ट महाराष्ट्र सरकारने उशिरा का होईना केली. तेथील संगणकीय सात-बारातही चुकांचे रान माजले होते. २०१७ मध्ये 'चावडी वाचन' ही मोहीम घेण्यात आली. गावात लोकांना जमवून संगणकातील नोंदी मोठ्याने वाचावयाच्या आणि चूक आढळली की तेथेच टिपून घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. सारी वाचने सारख्याच निष्ठेने झाली असे कोणी म्हणणार नाही. पण कल्पना खणखणीत आहे. कोणत्याही तज्ज्ञाच्या प्रश्नावलीहून ही परीक्षा कठोर, कारण ऐकणाऱ्याला आपल्या बांधाची लांबी ठाऊक असते आणि शेजारीही समोरच बसलेला असतो. १९५६ पर्यंत ज्यांचे दप्तर एकाच जिल्ह्याचे होते त्या चंदगडच्या गावांत असे वाचन ऐकणाऱ्यास समजते. सीमेच्या अलीकडे तेच वाचन करावयाचे तर आधी दुभाषी शोधावा लागेल.

'भूमी' तेथेच थांबली नाही, हे न्यायाने नोंदविले पाहिजे. उताऱ्यासाठी तालुक्याला जाण्याची दगदग हा पहिल्या पद्धतीचा उघड दोष होता. निपाणीकरांना त्यासाठी चिकोडी गाठावी लागे. २००६ पासून होबळीच्या पातळीवर 'नेम्मदी' केंद्रे निघाली, २०१२ मध्ये त्यांची जागा 'अटलजी जनस्नेही' केंद्रांनी घेतली. २०१७ च्या घोषणेनंतर निपाणी स्वतंत्र तालुका झाला. उतारा आता घरबसल्याही पाहता येतो. मृतांच्या नावे राहिलेली खाती वारसांकडे वळविण्यासाठी सरकारला 'पौती खाते आंदोलन' ही खास मोहीम काढावी लागली, यावरून पहिल्या भरणीत काय आत गेले होते याची कल्पना येते. २०१९ मध्ये केंद्राची किसान सन्मान योजना आली तेव्हा आणि २०२४ मध्ये उतारा आधारशी जोडण्याची मोहीम निघाली तेव्हा नावाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. उताऱ्यावरील कन्नड नाव आणि आधारवरील नाव जुळविताना कोणाचा 'व' तर कोणाचा 'ब' आडवा येतो.

२०२४ मध्येच कर्नाटकाने 'भू-सुरक्षा' या नावाने तालुक्यांच्या दप्तरखान्यांतील जुन्या कागदांची छायाचित्रे काढून ती संगणकात साठविण्यास आरंभ केला. काम स्तुत्य आहे. वाळवी आणि ओल यांच्या तावडीतून कागद सुटतील. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दप्तरखान्यांतून जे बाहेर निघेल त्यातील बराच भाग मोडीत असणार. त्याचे छायाचित्र निघेल, त्यास क्रमांक मिळेल, तो पडद्यावर उमटेल. संगणकाच्या अनुक्रमणिकेत त्याचा विषय काय लिहावयाचा हे मात्र मोडी येणाऱ्या माणसालाच सांगता येईल. अशी माणसे आज प्रत्येक तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.